गुरामीचे बिऱ्हाड

पिंपरीच्या संत तुकाराम नगरात गुरुवारी वीज गेली म्हणजे घराघरांत एक निराळी शांतता पसरते. गुरुवार हा या कारखान्यांच्या पट्ट्याचा सुटीचा वार, आणि देखभालीसाठी वीज बंद ठेवण्याचा वारही बहुधा तोच. पंखा थांबतो, आणि ज्या घरी भिंतीलगत माशांची काचपेटी असते तेथे हवेच्या पंपाची अखंड घरघरही थांबते. पेटीत मासे दाटीने असले तर तास-दोन तासांत ते एकामागून एक वर येऊ लागतात. पाण्याच्या पृष्ठभागास तोंडे लावून भराभर कल्ले हालवू लागतात. त्यांचा जीव कासावीस झाल्याचे लहान मुलासही कळते. पण त्यांच्यातच चपट्या अंगाचा, मधाच्या रंगाचा एखादा मासा असा असतो की, त्याच्या वागण्यात म्हणण्यासारखा फरक पडत नाही. तो सावकाश वर येतो, हवेचा एक घोट घेतो आणि खाली वळून पानाआड जातो. थोड्या वेळाने पुन्हा तेच. हा मासा म्हणजे गुरामी.

त्याचा हा एक घोट नीट समजला की गुरामी पाळण्याचे बहुतेक शास्त्र समजले असे म्हणण्यास हरकत नाही. त्याला कसले पाणी मानवते, कोणाचा शेजार सोसतो, तो केव्हा चिडतो आणि पाळणाऱ्याच्या कोणत्या चुकीने मरतो, या साऱ्यांची मुळे त्या घोटात आहेत.

बहुतेक मासे पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ल्यांनी शोषून घेतात. गुरामीसही कल्ले आहेत. परंतु तेवढ्यावर त्याचे भागत नाही. कल्ल्यांच्या वरच्या अंगास, डोक्याच्या पोकळीत, पातळ हाडांची घड्याघड्यांची एक रचना असते आणि तिच्यावर रक्तवाहिन्यांनी भरलेली नाजूक त्वचा पसरलेली असते. तोंडाने घेतलेली हवा या घड्यांत कोंडली जाते व तिच्यातील प्राणवायू सरळ रक्तात जातो. घड्यांच्या गुंतागुंतीमुळे शास्त्रज्ञांनी या अवयवास ग्रीक पुराणकथेतील भुलभुलैयाचे नाव दिले. मराठीत त्यास चक्रव्यूह म्हणावे. मासळीबाजारात घमेल्यातील वितीभर पाण्यात तासन् तास जिवंत राहणारी मरळ महाराष्ट्रास परिचित आहे. तिलाही हवेत श्वास घेण्याची अशीच, पण थोडी साधी, सोय निसर्गाने केली आहे, आणि ती गुरामीची दूरची नातलगच होय. मात्र या देणगीची दुसरी बाजूही ध्यानात ठेवावी. हवा घेणे ही गुरामीची हौस नसून गरज आहे. त्याला पृष्ठभागापर्यंत पोहोचूच दिले नाही, तर पाण्यात असूनही तो गुदमरतो.

असा अवयव ज्या पाण्यात उपयोगी पडेल ते पाणी कसे असेल, याचा तर्क करणे अवघड नाही. वाहत्या, खळाळत्या ओढ्यात प्राणवायूस तोटा नसतो. तोटा असतो तो उबदार, संथ, वनस्पतींनी गच्च भरलेल्या डबक्यांत, तळ्यांत, भातखाचरांत आणि नदीच्या सुटलेल्या वळणांत. गुरामीच्या जाती अशाच पाण्यातल्या. गंगा व ब्रह्मपुत्रा यांच्या खोऱ्यांत त्यांतील लहान जाती राहतात. बंगालात त्यांना खोलशे म्हणतात आणि ते तेथे आवडीने खाल्लेही जातात. कंपनी सरकारच्या नोकरीतील फ्रान्सिस हॅमिल्टन या डॉक्टराने गंगेतील माशांवरचा आपला ग्रंथ १८२२ साली प्रसिद्ध केला. त्यात या लहान गुरामींची शास्त्रीय वर्णने आहेत, आणि खोलशे या देशी नावावरूनच पुढे ‘कोलिसा’ हे लॅटिन नाव रूढ झाले. आज त्या जातींस ‘ट्रायकोगॅस्टर’ या कुळात घालतात. त्याचा अर्थ पोटाशी केस असलेला. हे केस म्हणजे पोटाखालचे दोन लांब, धाग्यासारखे पर. गढूळ पाण्यात चाचपण्यासाठी, चव घेण्यासाठी, शेजारी कोण आहे हे पाहण्यासाठी गुरामी ते आंधळ्याच्या काठीप्रमाणे पुढे धरतो. गुरामी हे नाव मात्र बंगालचे नव्हे. ते जावा-मलाया बाजूच्या भाषांतून आले आहे, कारण मोठ्या जातींचे माहेर तिकडे आहे.

दुर्दैव असे की, या माशाचा हा गुणच त्याच्या मुळावर येतो. हवा घेणारा मासा कोठेही जगतो, असा समज दुकानदार व गिऱ्हाईक या दोघांच्याही सोयीचा असतो. मग गुरामी गोल काचेच्या भांड्यात, बरणीत, गाळणीवाचून ठेवला जातो. तो तेथे दोन-तीन आठवडे काढतोही, आणि एके दिवशी सकाळी आडवा तरंगताना दिसतो. घरातील मुलास ‘मासा म्हातारा झाला होता’ असे सांगितले जाते. पण ते खरे नसते. श्वास हवेतून घेता आला तरी विष पाण्यातूनच येते. माशाच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया तयार होतो, तो कल्ल्यांस पोळतो व रक्तात जातो. त्याच्यापुढे चक्रव्यूहाचे काही चालत नाही. किंबहुना, इतर मासे घाण पाण्यात लवकर तडफडून मालकास सावध करतात; गुरामी मुकाट्याने सोसतो आणि मालकास गाफील ठेवतो.

या विषावर निसर्गाचा एक उतारा आहे. गाळणीच्या स्पंजावर व तळाच्या वाळूवर काही सूक्ष्म जंतू वस्ती करतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. आणि नायट्रेट थोड्या प्रमाणात माशास सोसते, वनस्पतींस तर ते खतच होते. परंतु ही वस्ती एका रात्रीत बसत नाही. नव्या काचपेटीत तिला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. यास्तव पेटी, पाणी आणि मासे ही तिन्ही एकाच दिवशी घरी आणणे ही पहिली व सर्वांत महाग पडणारी चूक होय. आधी पेटी मांडावी, गाळणी चालू करावी, वनस्पती लावाव्यात आणि चिमूटभर खाद्य किंवा थोडा अमोनिया घालून जंतूंची सोय पाहावी. अमोनिया व नायट्राइट तपासण्याची औषधे दुकानांत मिळतात. दोन्हींची खूण शून्यावर आली म्हणजे मग मासे आणावेत, तेही थोडेथोडे. कोणाच्या घरी जुनी, निरोगी पेटी चालू असेल, तर तिच्या गाळणीतील स्पंजाचा तुकडा मागून आणला असता हा काळ पुष्कळ कमी होतो. दह्यास विरजण लावावे तसाच हा प्रकार आहे.

संत तुकाराम नगराचे नळाचे पाणी पवनेचे. मावळातील पवना धरण १९७२ साली पुरे झाले. त्यातून नदीच्या पात्रात सोडलेले पाणी रावेतच्या बंधाऱ्यापाशी उचलले जाते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन शहरात येते. शुद्धीकरणासाठी घातलेला क्लोरीन माणसास उपकारक, पण माशाच्या कल्ल्यांस तो जाळतो आणि गाळणीतील उपयोगी जंतूंसही मारतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये पिंपरी-चिंचवडात पाणी एक दिवसाआड देण्याची पद्धत सुरू झाली आणि पिंपे भरून ठेवण्याची सवय घराघरांस लागली. गृहिणीस जाचक वाटणारी ही सवय मासे पाळणाऱ्याच्या मात्र पथ्यावर पडते. रुंद तोंडाच्या भांड्यात एक दिवस राहिलेल्या पाण्यातील क्लोरीन बव्हंशी उडून जातो. अशा भांड्यावर पातळ फडके बांधावे, म्हणजे हवा खेळते आणि डेंग्यूच्या डासास अंडी घालण्यास जागा मिळत नाही. घाई असेल, तर छायाचित्रकारांच्या जुन्या परिचयाचा हायपो, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, क्लोरीन तत्काळ मारतो. माशांच्या दुकानांत त्याचेच द्रावण बाटलीत मिळते. आठवड्यास पेटीतील सुमारे चौथा हिस्सा पाणी बदलावे. सारे पाणी उपसून पेटी घासून लख्ख करणे हा स्वच्छतेचा अतिरेक होय. त्यात जंतूंची वस्ती नष्ट होते व पहिल्या दिवसाचे संकट पुन्हा उभे राहते.

उन्हाळ्यात टँकरचे किंवा कूपनलिकेचे पाणी वापरण्याची पाळी येते. दख्खनच्या काळ्या खडकातून आलेले कूपनलिकेचे पाणी नळाच्या पाण्याहून बहुधा जड असते. बाजारातील गुरामी मध्यम जड पाणी सोसतात, मात्र त्यांस एकाएकी होणारा बदल सोसत नाही. अशा वेळी नवे पाणी नेहमीपेक्षा थोडे आणि सावकाश घालावे.

उष्णतेचाही विचार येथे करावा लागतो. गुरामीस २४ ते २८ अंश सेल्सिअस इतके उबदार पाणी हवे. पुणे परिसरात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा अंशांच्या आसपास उतरतो. घरातील पाणी इतके निवत नसले तरी ते गुरामीस सुखकर उरत नाही. थंडी लागलेला मासा पर मिटून कोपऱ्यात बसतो व त्याच्यावर रोगांचा घाला पडतो. यासाठी पाण्याच्या दर लिटरमागे सुमारे एक वॉट या हिशेबाचा, आपोआप बंद-चालू होणारा हीटर हिवाळ्यात तरी असावा. पेटीस झाकण असणेही अगत्याचे. एक तर गुरामी उडी मारतो. दुसरे म्हणजे झाकणाखालची हवा ऊबदार व दमट राहते, आणि तीच हवा तो घोटाघोटाने घेत असतो. झाकण व पाणी यांच्यामध्ये तीन-चार बोटे अंतर मोकळे सोडावे. काठोकाठ भरलेली पेटी पाहण्यास शोभते, पण गुरामीच्या दृष्टीने ते खिडकी नसलेले घर होय.

आता मांडणीकडे वळावे. येथील म्हाडाच्या वसाहतीतील घरे आटोपशीर. तेव्हा किती मोठी पेटी, हा प्रश्न जागेचा तसाच वजनाचाही आहे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. दोन फूट लांब, एक फूट रुंद व सव्वा फूट उंच पेटीत सुमारे ६५ लिटर पाणी मावते. काच व वाळू धरून तिचे वजन ८० किलोंच्या पुढे जाते. तिला भक्कम लोखंडी चौकटच हवी. टीव्हीखालचे फळकूट चालणार नाही. गुरामीसाठी उंच व अरुंद पेटीपेक्षा लांब व उथळ पेटी चांगली, कारण वर यावयाचे अंतर कमी आणि पृष्ठभाग जास्त. गाळणीचा झोत मंद असावा. हवेच्या पंपावर चालणारी स्पंजाची साधी गाळणी या कामास उत्तम. जोराच्या प्रवाहात गुरामी दिवसभर प्रवाहाशी झगडत राहतो व खंगतो. मागच्या अंगास दाट वनस्पती, पुढे पोहण्यास मोकळी जागा, आणि वर थोड्या तरंगत्या वनस्पती असाव्यात. तरंगत्या पानांनी निम्म्याहून अधिक पृष्ठभाग झाकू देऊ नये. श्वासाची वाट मोकळी राहिली पाहिजे.

कोणता गुरामी निवडावा, यात नवख्याची फसगत फार होते, कारण दुकानात सारेच बोटभर असतात. चार-पाच सेंटिमीटर वाढणारा हनी गुरामी हा लहान घरास सर्वांत योग्य. ईशान्य भारत व बांगलादेश येथील हा मासा स्वभावाने भित्रा म्हणावा इतका सौम्य आहे. निळ्या-तांबड्या पट्ट्यांचा ड्वार्फ गुरामी त्याहून थोडा मोठा व अतिशय देखणा. पण व्यापारासाठी पिढ्यान् पिढ्या वाढविलेल्या या माशांत इरिडोव्हायरस गटातील एका विषाणूचा रोग पसरला आहे व त्यावर औषध नाही. म्हणून तो घेताना खंगलेला, रंग उडालेला किंवा अंगावर व्रण असलेला मासा असेल, तर त्या टाकीतील एकही घेऊ नये. मोत्यांची जाळी पांघरल्यासारखा दिसणारा पर्ल गुरामी मलाया, सुमात्रा व बोर्निओ येथला. बटाव्हियास असलेल्या ब्लीकर या डच लष्करी डॉक्टराने १८५२ साली त्याचे वर्णन केले. तो शांत खरा, पण सुमारे बारा सेंटिमीटर वाढतो. त्यास तीन फुटांची पेटी हवी. ब्लू गुरामी तितकाच किंवा अधिक वाढतो आणि वयात आला म्हणजे दांडगाई करतो. चुंबन घेणारा म्हणून विकला जाणारा किसिंग गुरामी फूटभर होऊ शकतो. त्याचे चुंबन हे प्रेम नसून बळाची परीक्षा असते. आणि जायंट गुरामी तर दोन फुटांच्याही पुढे जातो. १९१६ साली जावा व मॉरिशस येथून त्यास मद्रास प्रांतात आणले, ते दिवाणखान्यासाठी नव्हे, तर खाण्यासाठी.

गुरामीस ‘शांत मासा’ म्हणण्याची पद्धत आहे. पण ही शांतता बिनशर्त नसते. गुरामीचे नर एकमेकांस सीमा आखून देतात. दोन फुटांच्या पेटीत दोन नर ठेवले, तर त्यांतील दुबळा कायम कोपऱ्यात राहतो, खात नाही व झुरून मरतो. नराचा पाठीवरचा पर टोकदार व मादीचा गोलसर, ही ओळख बहुधा पुरेशी पडते. अशा पेटीत एक नर व दोन माद्या असाव्यात, म्हणजे नराचा त्रास एकाच मादीच्या वाट्यास येत नाही. वनस्पतींच्या व लाकडाच्या आडोशाने पेटीचे असे भाग पाडावेत की, एका माशाने दृष्टिआड व्हावे म्हटले तर होता यावे. चाळीत एका भिंतीच्या आडोशाने जितके तंटे टळतात, तितकेच येथेही टळतात.

शेजारही पाहून निवडावा. टायगर बार्ब या चपळ माशास गुरामीचे लोंबते धागे कुरतडण्याचा भारी नाद. धागे तुटले की गुरामीची काठीच गेली. फायटर हा गुरामीचा चुलत भाऊ, आणि भाऊबंदकी येथेही आहे. त्यांस एकत्र ठेवू नये. गोल्डफिशास थंड पाणी हवे, शिवाय तो घाण फार करतो. उलट, मधल्या थरात थव्याने फिरणारे लहान रासबोरा व टेट्रा, आणि तळाशी वेचत फिरणारे कोरीडोरास यांच्याशी गुरामीचे उत्तम जमते. गुरामी वरच्या मजल्यावर, रासबोरा मधल्या, कोरीडोरास तळमजल्यावर, अशी वाटणी झाली की भांडणास कारण उरत नाही. थव्याचे मासे सहा-आठांपेक्षा कमी घेऊ नयेत. एकटे पडले की ते घाबरतात. दोन फुटांच्या पेटीत तीन हनी गुरामी, आठ रासबोरा व सहा लहान कोरीडोरास एवढी वस्ती पुरे. खाद्य दिवसातून एक-दोनदा, दोन मिनिटांत संपेल इतकेच द्यावे. पाहुण्यांच्या मुलांनी कौतुकाने घातलेल्या मूठभर दाण्यांनी जितके मासे मरतात, तितके उपासाने मरत नाहीत.

एवढे सारे जमले, की एक दिवस पेटीत भांडण होते, आणि त्याचे वाईट वाटून घेऊ नये. नर पृष्ठभागावर हवेचे लहान लहान बुडबुडे तोंडातील चिकट लाळेत गुंडाळून फेसाचे घरटे बांधू लागतो. ड्वार्फ गुरामी तर त्यात वनस्पतींच्या काड्याही गुंफतो. मादीस तो घरट्याखाली नेतो, अंगाचा विळखा घालतो, आणि बाहेर पडलेली अंडी घरट्यात नेऊन ठेवतो. त्यानंतर तो कोणासही, अगदी त्या मादीसही, जवळ येऊ देत नाही. साधारण दीड दिवसात पिल्ले फुटतात. पाण्यात प्राणवायू कमी, म्हणून अंडी हवेच्या सान्निध्यात फेसात ठेवावयाची; प्रवाह नसतो म्हणून फेस टिकतो; आणि घरटे उघड्यावर असते म्हणून राखण करावयाची. ज्या घोटाने तो स्वतः जगतो, त्याच घोटांचे तो पिल्लांस घर बांधून देतो. अशा वेळी मादीस दडण्यास जागा असली, किंवा तिला काही दिवस वेगळ्या पेटीत ठेवले, म्हणजे पुरे.

शेवटी एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. बदली होते, घर बदलते, हौस ओसरते. आणि पाळलेले मासे पवनेत नेऊन सोडावेत, त्यात पुण्यच आहे, असे कित्येकांस वाटते. ते पुण्य नव्हे. हिवाळ्याच्या थंडीत परका मासा बहुधा तडफडून मरतो. आणि जगला, तर नदीतील मूळच्या माशांच्या अन्नावर व जागेवर हात मारतो. काचपेट्यांतून सुटलेला सकर मासा उजनीच्या जाळ्यांत येऊ लागल्याने मच्छीमारांस जो त्रास झाला, तो सर्वांस ठाऊक आहे. मासे नकोसे झाले, तर दुसऱ्या पाळणाऱ्यास द्यावेत किंवा दुकानदारास परत करावेत. नदीत मात्र सोडू नयेत.

पाळणाऱ्याने रोज संध्याकाळी पाच मिनिटे पेटीपुढे बसून गुरामीचे घोट पाहावेत. तो सावकाश येतो, एक घोट घेतो आणि निवांत खाली जातो, तोवर सारे ठीक आहे. तो वरचेवर येऊ लागला, पृष्ठभागाशी रेंगाळू लागला, किंवा इतर मासेही त्याच्याबरोबर वर येऊ लागले, तर खाद्याचा डबा बाजूस ठेवून आधी पाणी तपासावे व मुरवून ठेवलेल्या पाण्याची बादली पुढे ओढावी. मुका प्राणी याहून अधिक स्पष्ट काय बोलणार?